बाटली परत द्यायची होती

जुन्या सोड्याच्या बाटल्या जमवणाऱ्याच्या कपाटात जे असतं, ते हिशेबानं पाहिलं तर दुसऱ्याच्या मालकीचं असतं. काचेत ज्या कारखान्याचं नाव उठवलेलं आहे, त्याने ती बाटली कधी विकलीच नव्हती. त्याने विकला आतला सोडा, लेमन, रासबेरी किंवा जिंजर. बाटली फक्त पिण्यापुरती गिऱ्हाइकाच्या हाती दिली. पिऊन झाल्यावर ती दुकानाच्या फळीवर, तिथून लाकडी क्रेटमध्ये, क्रेटमधून हातगाडीवर आणि शेवटी कारखान्याच्या हौदात धुवायला जायची. नाव काचेत ओतण्याचं मूळ कारणही हेच. कागदाचं लेबल धुण्यात निघून जातं आणि मग शेजारच्या पेठेतला सोडावाला त्याच बाटलीत स्वतःचा माल भरून विकायला मोकळा होतो. काचेतलं नाव त्याच्या आड येतं. संग्राहक आज ज्या उठावदार अक्षरांवर प्रेमानं बोट फिरवतो, ती अक्षरं ‘ही बाटली आमची आहे, परत करा’ असं बजावण्यासाठी होती.

हे आधी सांगायचं कारण असं की जुन्या पेयांविषयीचा सध्याचा उमाळा नेमका हाच भाग वगळून चालला आहे. चव आठवते, रंग आठवतो, गोटी आत ढकलताना होणारा ‘फट्’ आवाज आठवतो, जाहिरातीतली ओळ आठवते. बाटली परत जायची, हे कोणालाच आठवण्याजोगं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की त्या काळातली राखण्यासारखी एकच गोष्ट असेल, तर ती हा परतीचा व्यवहार. बाकी ज्या ज्या गोष्टींसाठी आपण हळहळतो, त्यातल्या बहुतेक त्याच्याच पोटी जन्मल्या होत्या.

उमाळ्याचा बाजार आज जोरात आहे. ‘कॅम्पा कोला’ या जुन्या शीतपेयाचं नाव रिलायन्सनं २०२२ मध्ये विकत घेतलं आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. ज्यांच्या शाळेच्या सहलीत कॅम्पा होता, त्यांना गहिवरून आलं. ज्यांनी तो कधी पाहिला नव्हता, त्यांनी दहा रुपयांत मिळतो म्हणून घेतला. पण परत आलं ते नाव. दहा रुपयांचा हा कॅम्पा प्लास्टिकच्या बाटलीतून येतो, आणि ती बाटली कारखान्यात परत जात नाही. गोटी सोड्याचंही तेच. लग्नाच्या हॉलमध्ये आता चाटच्या शेजारी गोटी सोड्याचा वेगळा काउंटर असतो. २०२५ मध्ये तर गोटीच्या बाटलीतला सोडा ‘गोली पॉप सोडा’ या नावानं आखाती देशांत आणि अमेरिकेत निर्यात होऊ लागला, आणि केंद्र सरकारच्या निर्यात यंत्रणेनं त्याचं कौतुक केलं. निर्यातीला माझी हरकत नाही. पण पुन्हा पुन्हा भरण्यासाठी घडवलेली बाटली समुद्रापार एकाच फेरीसाठी जाते, तेव्हा तिचं रूप तेवढं उरतं आणि घडणीमागचा सगळा विचार मागे राहतो.

तो विचार होता तरी काय? हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला या बाटलीचं पेटंट घेतलं. त्याआधी सोड्याच्या बाटल्यांना बुचं लागत. बूच सुकलं की आकसतं आणि वायू निसटतो, म्हणून बुडाला निमुळत्या, आडव्याच ठेवाव्या लागणाऱ्या अंडाकृती बाटल्या निघाल्या होत्या. कॉडनं बूचच काढून टाकलं. बाटलीच्या तोंडाशी आतून रबराचा वायसर बसवला आणि मानेत काचेची गोटी सोडली. बाटली उलटी धरून भरायची. वायूचा दाब गोटीला वायसरवर घट्ट दाबून धरतो. म्हणजे आत कोंडलेला वायूच झाकणाचं काम करतो. मानेला दोन खोबणी असतात, ओतताना गोटी तिथे अडकते आणि तोंड बंद होत नाही. या रचनेत वाया जाणारा एकही भाग नाही. बूच नाही, बिल्ला नाही, तार नाही. बाटली धुवा, भरा, पाठवा. पण अशी बाटली बनवायला महाग पडते, म्हणून ती परत आलीच पाहिजे. कॉड धंद्यातही कच्चा नव्हता. बाटली बनवण्याचा परवाना तो काचवाल्यांना द्यायचा, मात्र गोट्या आणि वायसर आपल्याकडूनच घ्यायला लावायचा.

बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये पत्र्याच्या बिल्ल्याचं, म्हणजे बाटलीच्या झाकणाचं, पेटंट घेतलं आणि बहुतेक देशांतून गोटी हळूहळू हद्दपार झाली. जपानमध्ये ती ‘रामुने’ या पेयात टिकली आणि आपल्याकडे गाडीवरच्या सोड्यात. उत्तर प्रदेशातल्या सासनीच्या भट्ट्यांतून या बाटल्या देशभर जात राहिल्या. जुन्या गोटीच्या बाटल्या अखंड सापडणं अवघड, याला एक कारण मुलं. गोटी मिळवायची तर बाटली फोडण्यावाचून मार्ग नव्हता, आणि गोट्या खेळणाऱ्या मुलासमोर कारखान्याच्या मालकीहक्काची मातब्बरी चालत नव्हती.

आता वजनाकडे पाहू. दोनशे मिलिलिटर पेयाची जाड काचेची बाटली आतल्या पेयापेक्षा जड असते. भरलेली नेताना हे ओझं वाहायचं आणि रिकामी आणतानाही वाहायचं. एवढं वजन घेऊन फार लांब जाणं परवडत नाही, म्हणून सोड्याचा कारखाना गिऱ्हाइकाच्या जवळच लागायचा. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्याच्या कॅम्पात अर्देशिर १८८४ पासून, मुंबईतच दिनशॉ पांडोळे यांचं ‘ड्यूक्स’ १८८९ पासून. पांडोळे क्रिकेटपटू होते आणि हे नाव त्यांनी इंग्लंडच्या प्रसिद्ध ‘ड्यूक’ चेंडूवरून घेतलं, असं सांगतात. पारशी लग्नाच्या पंगतीतली लालभडक रासबेरी, इराण्याच्या संगमरवरी टेबलावरचा आइस्क्रीम सोडा आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरचा कुठल्याशा स्थानिक नावाचा लेमन या सगळ्यांच्या मागे एकच अर्थशास्त्र होतं. शहर बदललं की सोड्याचं नाव बदलायचं, चवही थोडी बदलायची. या वैविध्याला आपण आज परंपरा म्हणतो, वारसा म्हणतो. ते कोणी जपलेलं नव्हतं. काच जड होती आणि ती परत आणावी लागत होती, म्हणून ते आपोआप तयार झालं. ओझं हलकं झालं त्या दिवशी त्याचा आधार गेला.

परतीच्या बाटलीनं दुसरी एक गोष्ट दिली: पत्ता. याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा स्कॉटलंडमधला आहे आणि तो आपल्याकडे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. ऑगस्ट १९२८ मध्ये पेझ्ली गावच्या एका कॅफेत मे डोनाह्यू या बाईंच्या मैत्रिणीनं त्यांच्यासाठी जिंजर बीअर मागवली. बाटली अपारदर्शक होती. अर्धं पेय पिऊन झाल्यावर उरलेलं ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं. पैसे मैत्रिणीनं दिलेले, तेव्हा कॅफेवाल्याशी या बाईंचा करार नव्हता. त्यांनी थेट पेय बनवणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की उत्पादकाची जबाबदारी करार नसलेल्या शेवटच्या ग्राहकापर्यंतही पोचते. निष्काळजीपणाचा आधुनिक कायदा या बाटलीतून निघाला. गोगलगाय खरोखर होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. पण माल कोणाचा आणि तो बनवणारा राहतो कुठे, हे या बाईंना सांगता आलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. आज मात्र ओढ्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीवर कंपनीचं नाव, ग्राहक सेवेचा नंबर, पुनर्चक्रणाचा त्रिकोण असं सगळं छापलेलं असतं, तरी ती बाटली कोणाचीच नसते.

तिसरी गोष्ट आपल्या समाजापुरती, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या समाजात उष्टं आणि विटाळ यांवर माणसं एकमेकांपासून तोडली गेली, ज्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांच्या प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली, त्याच समाजात पुढे कोणा अनोळखी माणसाच्या ओठाला लागलेली बाटली धुऊन, भरून, दुसऱ्याच्या ओठाला लागू लागली. आधी कोण प्यायलं, हे विचारायची सोय बाटलीनं ठेवली नाही. कितीतरी लोक बाटली तोंडाला न लावता वरून प्यायचे, काही नळी मागायचे, काहींच्या घरात बाहेरचा सोडा येतच नसे. तरीही दुकानाच्या फळीवर जी एक रांग लागायची, तिच्यातल्या बाटल्या सगळ्यांच्या होत्या. समाजक्रांती वगैरे म्हणण्याइतकं हे मोठं नाही. पण भेद पाळायला खर्चीक होईल अशी व्यवस्था उभी राहिली की तो कसा थोडा थोडा ढिला पडतो, याचं हे साधं उदाहरण आहे. एकदाच वापरायच्या बाटलीनं स्वच्छतेचं वचन दिलं हे खरं. त्याबरोबरच प्रत्येकाला आपापली, दुसऱ्या कोणाचा स्पर्श नसलेली बाटली दिली. जुन्या मनाला ते सोयीचंच होतं.

इथे कोणी म्हणेल की तुम्हीही शेवटी गतकाळाची आरतीच करता आहात. म्हणून दुसरी बाजू मांडतो. धुण्याचे हौद नेहमी स्वच्छ नसायचे. भरताना बाटल्या फुटायच्या आणि कामगारांच्या हाता-डोळ्यांना इजा व्हायची. साखरेऐवजी सॅकरिन घातलेला माल सर्रास विकला जायचा. दंगलीच्या बातम्यांत दगडांच्या जोडीनं सोडावॉटरच्या बाटल्यांचा उल्लेख असायचाच. दाबाखालची जाड काच आणि आत गोटी, हे हत्यार कोपऱ्या-कोपऱ्यावर तयार मिळे. शिवाय मालक बाटली परत घ्यायचा ती पर्यावरणाच्या काळजीनं नव्हे. काच महाग होती, पेय स्वस्त होतं, एवढंच गणित. परतीचा व्यवहार हे कोणाचंच पुण्य नव्हतं. मला तर त्यात दिलासाच वाटतो. चांगुलपणावर उभी असलेली व्यवस्था माणसं बदलली की मोडते. गणितावर उभी असलेली व्यवस्था गणित पुन्हा जुळवलं तर पुन्हा उभी राहते.

मग ती मोडली कशी? याविषयी आपल्याकडे एक आवडती गोष्ट सांगितली जाते: परदेशी कंपन्या आल्या आणि देशी पेयं संपली. तीत तथ्य आहे, पण अर्धंच. परकी चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातला वाटा कमी करायला नकार देऊन कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली, तेव्हा उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. सरकारनं ‘डबल सेव्हन’ काढून पाहिला. बाजार जिंकला तो रमेश चौहान यांच्या पार्लेनं, थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉटच्या जोरावर. लहान गावांतल्या सोडा कारखान्यांना पहिला मोठा धक्का या देशी कंपनीकडूनच बसला. पुढे १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिनं पार्लेची ही पेयं विकत घेतली. तिला नावं हवी होती, तसंच बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांचं आणि दुकानापर्यंत पोचणाऱ्या क्रेटांचं तयार जाळंही हवं होतं. १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. तरीही परत येणारी काच तेव्हा संपली नाही. २००३ च्या आसपास ‘पाच रुपयांत छोटा कोक’ ही जाहिरात घरोघरी पोचली. तो कोक दोनशे मिलिलिटरच्या परत करायच्या काचेच्या बाटलीत होता. पाच रुपये परवडत होते, कारण गिऱ्हाईक बाटलीचे पैसे भरत नव्हतं.

व्यवस्था खरी मोडली ती पेट या प्लास्टिकच्या बाटलीनं. ड्यूपाँटच्या नॅथॅनियल वाईथनं १९७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटी पुठ्ठ्याच्या डब्यातून आली आणि पेयाचं पात्र फेकून द्यायची सवय मुलांना लागली. मोठ्यांना ती पेटनं लावली. वीसएक ग्रॅमची बाटली शेकडो किलोमीटर नेता येते, फुटत नाही, धुवावी लागत नाही, आणि दुकानदाराला रिकाम्या क्रेटांसाठी जागा ठेवावी लागत नाही. कंपनीच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी बचत अशी की परतीची फेरीच रद्द झाली.

परतीची फेरी अशी रद्द होत नसते. ती फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. ज्या १९९३ मध्ये पार्लेची पेयं विकली गेली, त्याच वर्षी पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण पुढच्या तीस वर्षांचा हिशेब या दोन टोकांमध्ये मांडता येतो. बाटली कारखान्याकडे नेण्याचं जे काम पूर्वी कंपनीच्या टेम्पोचं होतं, ते आता बहुतेक बायका पाठीवरच्या पोत्यातून, भंगाराच्या भावानं करतात. भारतात पेटच्या बाटल्यांचा मोठा हिस्सा गोळा होतो, याचं श्रेय कंपन्या अहवालात घेतात. गोळा करतात त्या या बायका. बाटली परत दिल्यावर मिळणारा डिपॉझिटचा रुपया असता तर त्यांना तो हक्कानं मिळाला असता. आज भंगाराचा भाव पडला की त्यांची मजुरी पडते.

आता संग्राहकांकडे वळतो. त्यांच्यावर माझा राग नाही, उलट ऋण आहे. विझलेल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचं दप्तर कोणीच ठेवलं नाही. त्यांचा एकमेव पुरावा म्हणजे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मातीत पडलेली बाटली. साच्याची शिवण ओठापर्यंत चढलेली आहे की खालीच थांबली आहे, यावरून ती यंत्रानं केली की हातानं हे संग्राहक सांगू शकतात. काचेतले बुडबुडे, बुडावरचा शिक्का, रंगातली हिरवट झाक हे सगळं त्यांना वाचता येतं. परंतु त्यांच्या शास्त्रात एक खोट आहे. परत येणाऱ्या बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाशी पांढुरकं, खरबरीत कडं उठतं. क्रेटमध्ये आणि भरायच्या यंत्रावर बाटल्या एकमेकींना घासून ते होतं. किती फेऱ्या झाल्या याची ती नोंदच असते. संग्राहकांच्या बाजारात मात्र हे कडं म्हणजे दोष. ते असलं की किंमत पडते, म्हणून जगभर हौशी मंडळी बाटली तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घातलेल्या फिरत्या नळकांड्यात दिवसचे दिवस फिरवतात आणि ती नव्यासारखी चकचकीत करतात. नव्यासारखी म्हणजे एकदाही परत न आल्यासारखी. जिच्या अंगावर कष्टाचा इतिहास होता, तीच बाटली इतिहासप्रेमी माणूस घासून कोरी करतो.

आठवणींच्या बाजाराचं हेच तंत्र आहे. गेलेल्या काळातलं जे सुटं करून विकता येतं, ते तो उचलतो: नाव, रंग, आकार, चव. माणसांमधलं देणंघेणं सुटं करता येत नाही, म्हणून ते मागे राहतं. संग्राहकांना माझी विनंती एवढीच की परतीच्या फेऱ्यांत घासल्या गेलेल्या बाटल्याही ठेवा. त्यांच्याबरोबर क्रेट ठेवा, भरायचं हातयंत्र ठेवा, दुकानदाराची रिकाम्या बाटल्यांची वही ठेवा, आणि हौदावर बाटल्या धुणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या. कपाटात ते शोभणार नाही. पण सोड्याचा धंदा म्हणजे काय होतं, हे त्यातूनच कळेल.

राहिला प्रश्न गणित पुन्हा जुळवण्याचा. सगळं पेय पुन्हा काचेत भरा, असं मी म्हणणार नाही. काच वितळवायला आणि वाहायला भरपूर ऊर्जा लागते. बाटली जवळच्या जवळ आणि अनेक फेऱ्या फिरणार असेल तरच तिचा फायदा. लांब पल्ल्याच्या मालाला प्लास्टिक राहील. पण पात्र कशाचंही असो, ते परत आणण्याचा खर्च ते बाजारात आणणाऱ्यावर हवा आणि परत देणाऱ्याच्या हातात रोख पडायला हवी. जर्मनीनं २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर पंचवीस सेंट डिपॉझिट लावलं, आणि तिथे दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून पैसे घेणं अंगवळणी पडलं. तमिळनाडूत २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे नीलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर दहा रुपये डिपॉझिट सुरू झालं, कारण फुटलेली काच जंगलात हत्तींच्या पायाखाली येत होती. महाराष्ट्रानं मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पेटच्या बाटलीवर परतीची किंमत छापायची तरतूद केली होती, एक रुपया आणि दोन रुपये. दुकानात बाटली देऊन तो रुपया परत घेतलेला माणूस मात्र सहसा भेटत नाही. गोव्यानं २०२४ मध्ये स्वतःची डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. पर्यटकांच्या बाटल्यांनी भरणारे किनारे पाहता तिथे तिची गरजही सर्वांत जास्त आहे.

अशी योजना आली की कंपन्या दोन आक्षेप घेतात: किंमत वाढेल, आणि दुकानदाराला त्रास होईल. हा त्रास आपल्या दुकानदारांनी शंभर वर्षं काढला आहे. दाराशी रचलेले रिकामे क्रेट हीच दुकानाची ओळख होती. किमतीचं म्हणाल, तर डिपॉझिट ही किंमत नव्हेच. बाटली परत दिली की ते पैसे परत येतात, आणि ज्याला परत द्यायची नाही त्याचे पैसे ती वेचणाऱ्या बाईला मिळतात. कोणतीही योजना राबवताना एकच अट सोडायची नाही: परतीचं केंद्र मॉलमधलं चकचकीत यंत्र एवढंच असू नये, ज्या हातांनी गेली तीस वर्षं बाटल्या परत आणल्या त्यांना त्यात पहिलं आणि पगारी स्थान हवं. अर्देशिरच्या रासबेरीची आठवण काढणाऱ्या, कॅम्पाच्या पुनरागमनानं हळव्या होणाऱ्या माणसानं या मागणीच्या बाजूनं उभं राहायला हवं. तेवढं केलं नाही, तर त्याचा उमाळा म्हणजे कंपन्यांसाठी फुकटात चाललेली जाहिरात आहे.